लायन्स क्लबातली गळती, नवे सदस्य आणि टिकणारी सेवाकार्यं : एका होऊ घातलेल्या सचिवांना उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातला जुना लायन्स क्लब. गेल्या जुलैत पटावर ४२ सदस्य होते, आता मे महिन्यात ३१ उरलेत. १ जुलैपासून सचिवपद तुमच्याकडे येतंय. वर्षभरात रक्तदान, नेत्रतपासणी, वृक्षारोपण, वह्यावाटप सगळं झालं, पेपरात फोटोही आले, तरी माणसं गेली. सदस्य कसे वाढवायचे आणि उपक्रम कोणते घ्यायचे, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत, आणि शेवटी बातम्या कशा लिहायच्या तेही.

माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. ज्या सदस्याच्या नावावर क्लबाचं एखादं ठरावीक काम असतं, तो सहसा सोडून जात नाही. ज्याचा संबंध वर्गणी, जेवण आणि टाळ्या एवढाच उरतो, तो दुसऱ्या वर्षी फोन उचलत नाही. म्हणून आधी काम निवडा आणि त्या कामाला किती हात लागतात ते मोजा. त्या हिशोबाने माणसं बोलवा.

पण त्याआधी गेलेल्या ११ जणांची यादी करा. प्रत्येकापुढे पाच गोष्टी लिहा: कधी आले, प्रायोजक (क्लबात आणणारा सदस्य) कोण, शेवटच्या कोणत्या सभेला हजर होते, शेवटचं कोणतं काम केलं आणि का गेले. शेवटचा रकाना अंदाजाने भरू नका, जाऊन भेटा. बहुतेक क्लबांत ही यादी तीन गटांत पडते. पहिला गट बदली झालेल्यांचा: बँकेतले, महावितरणमधले, शिक्षक. हे खरं तर गेलेले नसतात. सदस्यत्व थांबल्यापासून १२ महिन्यांच्या आत ते नव्या गावच्या क्लबात ट्रान्सफर घेऊ शकतात. हे त्यांना कुणी सांगत नाही आणि चांगला माणूस संघटनेबाहेर पडतो. दुसरा गट पैशाने किंवा वेळेने दमलेल्यांचा. तिसरा गट मुळात कधी आलेच नव्हते अशांचा, म्हणजे कागदावरच्या सदस्यांचा.

या तिसऱ्या गटाबद्दल स्पष्ट बोलतो. वर्षअखेरीला सदस्यवाढीचं बक्षीस मिळावं म्हणून भावाचं, मेहुण्याचं, दुकानातल्या माणसाचं नाव घालायचं आणि त्यांचे ड्यूज (वरच्या संघटनेला द्यायची वर्गणी) अध्यक्षाने खिशातून भरायचे, ही सवय क्लबाला पोखरते. डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे अनेक क्लबांच्या विभागाच्या, अधिवेशनातल्या मतांसाठीही असं होतं. नियम असा की किमान एक वर्ष आणि एक दिवस सदस्य असलेल्या दर १० जणांमागे एक प्रतिनिधी, आणि उरलेल्यांचा आकडा पाच किंवा जास्त असेल तर आणखी एक. म्हणजे तुमचे ३१ जण जुने असतील तर ३ प्रतिनिधी, ३५ असतील तर ४. त्या एका मतासाठी चार खोटी नावं वर्षभर पोसणारे क्लब आहेत. पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलला की ही नावं एकदम गळतात आणि क्लब बुडाल्यासारखा दिसतो. तुमच्या ११ पैकी अशी किती होती ते प्रामाणिकपणे पाहा. कदाचित गळती तुम्हाला वाटते त्याहून बरीच कमी असेल.

पटाचा पैशाशी थेट संबंध आहे. आंतरराष्ट्रीय ड्यूजची आकारणी वर्षातून दोनदा होते, जुलैत आणि जानेवारीत, आणि ती तेव्हा पटावर असलेल्या नावांवर होते. जूनमध्ये राजीनामा दिलेल्या माणसाचं नाव लायन्सच्या पोर्टलवरून ३० जूनपर्यंत काढलं नाही, तर त्याचे सहामाही ड्यूज क्लबाच्या गळ्यात पडतात. ३१ डिसेंबरचंही तसंच. म्हणून जून आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संचालक मंडळाची बैठक घ्या आणि प्रत्येक नावावर ठराव करा: राहणार, ट्रान्सफर, की कमी. नाव कमी करण्याआधी प्रायोजकाने प्रत्यक्ष भेटलंच पाहिजे, व्हॉट्सॲपवरचा निरोप पुरत नाही. आणखी एक गोष्ट कोषाध्यक्षांना सांगून ठेवा. हे ड्यूज डॉलरमध्ये ठरतात आणि रुपयात भरले जातात. विनिमय दर हलला की गेल्या वर्षीच्या आकड्यावर बसवलेलं अंदाजपत्रक कमी पडतं. थोडी जास्तीची रक्कम धरून ठेवा. थकबाकी लांबली तर क्लब निलंबित होतो, आणि मग बाकी सगळं अडतं.

आता नवे सदस्य. लायन्सचं सदस्यत्व निमंत्रणाने मिळतं: प्रायोजक सदस्य नाव सुचवतो, अर्ज भरला जातो, संचालक मंडळ मान्यता देतं, मग शपथविधी होतो. कागदावर हे बरोबर असतं, चूक होते ती क्रमात. बहुतेक ठिकाणी माणसाला आधी शपथ देतात आणि मग क्लब म्हणजे काय ते सांगतात. उलट करा. ज्याला बोलवायचं त्याला आधी दोन कामांना घेऊन या, सभेला नको. शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसवा, रुग्णाच्या घरी पलंग पोचवायला बरोबर न्या. तिथे रमला तर अर्ज द्या. अर्जाबरोबर वर्षाचा सगळा खर्च एका कागदावर लिहून द्या: आंतरराष्ट्रीय, मल्टिपल (अनेक डिस्ट्रिक्टचा गट) आणि डिस्ट्रिक्टचे ड्यूज, क्लबाची वर्गणी, जेवणांचा अंदाज, पदग्रहणाचा वाटा आणि सेवाकार्यासाठी अपेक्षित देणगी. माणूस मोठ्या आकड्याने पळत नाही. दर महिन्याला नवा ‘स्वेच्छेचा’ आकडा निघाला की पळतो. तालुक्याच्या गावात शिक्षक, तरुण वकील, कृषी सेवा केंद्रवाले हे नेमके इथेच तुटतात, आणि ते संकोचाने कारण ‘वेळ नाही’ असं सांगतात.

नावं कुठून काढायची? पटावर व्यवसायांची यादी मांडा. तीन बालरोगतज्ज्ञ, पाच कापड दुकानदार, आणि फिजिओथेरपिस्ट, इलेक्ट्रिक कंत्राटदार, टेम्पोमालक, चष्म्याचा दुकानदार, निवृत्त परिचारिका यांतलं कुणीच नाही, असं चित्र हमखास दिसतं. ज्या कामासाठी बाहेरून हात मागावे लागतात, त्या हाताचा माणूस सदस्य करा. एका वेळी तीन-चार जणच घ्या. पंधरा जणांना एका मांडवात शपथ दिली की डिस्ट्रिक्ट गव्हर्नर खूश होतात, पण पंधरा जणांना पहिल्या तीन महिन्यांत काम द्यायची ताकद ३१ जणांच्या क्लबात नसते.

शपथविधीनंतरचे ९० दिवस प्रायोजकाची जबाबदारी. पिन लावली आणि फोटो काढला की ती संपत नाही. पहिल्या महिन्यात सगळ्यांशी ओळख, दुसऱ्यात एका समितीत नाव, तिसऱ्यात एका छोट्या कामाची पूर्ण सूत्रं. पहिल्या तिमाहीत नवा सदस्य सलग दोन सभांना आला नाही, तर सचिवाने प्रायोजकाला फोन करायचा, सदस्याला नाही.

महिलांबद्दल. लायन्समध्ये महिलांना सदस्यत्व १९८७ पासून आहे, तरी आपल्याकडे अनेक क्लबांत सदस्यांच्या पत्नी ‘लायन लेडी’ म्हणून शिबिराचं निम्मं काम ओढतात आणि पटावर त्यांचं नाव नसतं, ठरावात मत नसतं. एकाच घरातल्या सदस्यांसाठी कुटुंब सवलत आहे: पहिल्याचे पूर्ण ड्यूज, पुढच्या चार जणांपर्यंत आंतरराष्ट्रीय ड्यूज निम्मे. ती वापरा, पण ज्या खरोखर काम करतात त्यांच्यासाठी, आणि त्यांना पदं द्या. तरुणांसाठी लिओ क्लब आहे, वय १२ ते १८ आणि १८ ते ३० असे दोन प्रकार. गावात कनिष्ठ महाविद्यालय असेल तर लिओचा सल्लागार म्हणून तिथलाच एखादा प्राध्यापक सदस्य करून घ्या. बाहेरचा सल्लागार परीक्षेच्या काळात मुलांना बोलावत बसतो आणि क्लब तिथेच बंद पडतो.

सेवाकार्यांकडे येतो. वर्षभर चालणारं एक काम हवं, आणि त्याला जोडून हंगामी दोन-तीन. तुमच्या आकाराच्या क्लबासाठी मी पहिलं नाव घेईन ते रुग्णसाहित्य केंद्राचं. भाड्याची एक खोली, दोन चाव्या, एक वही. वस्तू साध्या: वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, पाठ उचलणारा पलंग, एअर बेड (पंपाने फुगणाऱ्या नळ्यांची गादी). सुरुवातीला सहा वॉकर, चार व्हीलचेअर, चार कमोड खुर्च्या, तीन पलंग आणि तीन एअर बेड एवढं पुरतं. वॉकर आणि कमोड खुर्चीला सर्वांत जास्त मागणी येते, खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसांना दोन्ही लागतात. त्यामुळे देणगीदार पलंग द्यायला निघाला तर त्याला हळूच वॉकरकडे वळवा.

हे केंद्र बिघडतं ते तीन जागी. पहिली जागा परतावा. प्रत्येक वस्तूवर रंगाने क्रमांक घाला (स्टिकर धुतलं की जातं), वहीत क्रमांक, रुग्ण, नेणारा, ओळख देणारा सदस्य, अनामत आणि परतीची तारीख लिहा. मुदत ३० दिवस, वाढवून हवी तर फोनवर वाढवा, पण फोन झालाच पाहिजे. तीस दिवसांचा तो फोन हे एका सदस्याचं काम, नावानिशी. रुग्ण दगावला असेल तर तेरावा होईपर्यंत विचारायचं नाही. पुष्कळ घरं त्यानंतर स्वतःहून वस्तू परत आणतात आणि देणगीही देतात.

दुसरी जागा स्वच्छता. परत आलेली वस्तू साबणाच्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, हाताळायचे भाग ७० टक्के अल्कोहोलने पुसून मगच आत घ्यायची. लोखंडी पलंगावर हायपोक्लोराइट ओतू नका, दोन पावसाळ्यांत गंज धरतो. एअर बेड परत आला की गादी फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी कुठली नळी बसली ते दिसतं. पंप चालू असताना रुग्णाच्या घरच्यांना एवढंच दाखवा की नळ्या आळीपाळीने फुगतात. नाहीतर ‘अर्धी गादी हवा धरत नाही’ म्हणून तिसऱ्या दिवशी परत येते. गादीवर जाड सतरंजी घालायची नाही, एक पातळ चादर पुरे. आणि एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, हे लिहून द्या.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राचा, मोह अनेक क्लबांना कोविडनंतर पडला. घ्यायचा असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचा नाही, आणि मिनिटाला किती लिटर ते चिठ्ठीवर लिहिलेलं हवं. बाहेरची जाळी आठवड्याला धुवावी लागते, बाटलीतलं पाणी रोज बदलावं लागतं आणि ते डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं हवं. यंत्रातून बाहेर येणारा ऑक्सिजन साधारण ९० ते ९६ टक्के असायला हवा. वर्षातून दोनदा मोजून घ्या, कारण आतला ऑक्सिजन वेगळा करणारा पदार्थ दमट झाला की यंत्र आवाज तसाच करतं आणि देतं मात्र नुसती हवा. आमच्या खेड्यांत वीज जाते, म्हणून ज्या घरी दुसरी सोय नाही तिथे यंत्र देणं धोक्याचं आहे. ती जबाबदारी पेलत नसेल तर हे यंत्र ठेवूच नका.

तिसरी जागा हिशोब. अनामत हे उत्पन्न नव्हे, परत द्यायचं देणं आहे. ती जमेला धरून खर्च केली की एका महिन्यात आठ वस्तू परत येतात आणि कोषाध्यक्षांची पळापळ होते. अनामतीची रक्कम वेगळी दाखवा, तिला हात लावू नका.

या केंद्रामुळे सदस्यांचं काय होतं ते पाहा. चावी एकाकडे, फोन दुसऱ्याकडे, दुरुस्ती तिसऱ्याकडे, टेम्पो चौथ्याकडे, धुण्याची रविवारची पाळी दोघांकडे. वर्षभर दहा-बारा जण गुंतून राहतात, भाषण कुणालाच करावं लागत नाही.

मोतीबिंदू शिबिर हे लायन्सचं जुनं काम. १९२५ साली ओहायोतल्या अधिवेशनात हेलन केलर यांनी आवाहन केलं आणि संघटनेने दृष्टीचं काम आपलं मानलं. भारतात लायन्स १९५६ साली आलं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत नेत्रशिबिरं होत आली आहेत. पण शाळेच्या खोलीत टेबल लावून शस्त्रक्रिया करण्याचे दिवस गेले, आणि ते बरंच झालं. आता गावात फक्त तपासणी, शस्त्रक्रिया मुख्य रुग्णालयातच. क्लबाचं काम दोन टोकांचं आहे, आधीचं आणि नंतरचं. नंतरचं बहुतेक क्लब करत नाहीत.

आधीचं काम असं. दवंडी, आशाताई, ग्रामपंचायतीचा फलक आणि आठवडी बाजारातला भोंगा, चारही वापरा. तारीख पेरणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत धरू नका, घरातला सोबती मोकळा नसतो. तपासणीच्या खोलीत ६ मीटर सरळ अंतर मिळतं का ते आदल्या दिवशी टेपने मोजा. अक्षरं न वाचणाऱ्यांसाठी ‘ई’ चा तक्ता हवा. रक्तदाब आणि साखर तिथेच तपासा, नाहीतर निवडलेले रुग्ण रुग्णालयात जाऊन साखर वाढलेली म्हणून परत येतात आणि गावात बातमी पसरते की ‘नेलं आणि ऑपरेशन न करताच आणलं’. डोळ्यातून पू किंवा सतत पाणी येणाऱ्यांचा अश्रुमार्ग तपासल्याशिवाय शस्त्रक्रिया होत नाही, हे आधी सांगा. निवडलेल्या प्रत्येकाकडून चालू गोळ्यांची पाकिटं मागवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल सगळे विचारतात, पण लघवीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या गोळ्यांबद्दल विचारायचं राहतं. त्यातल्या टॅम्सुलोसिनसारख्या औषधाने शस्त्रक्रियेत बाहुली नीट मोठी राहत नाही. सर्जनला आधी कळलं तर तो तयारीत असतो.

नंतरचं काम म्हणजे थेंब आणि चष्मा. थेंब चार ते सहा आठवडे, कमी कमी करत घालायचे असतात. पहिली बाटली संपली की गावात तीच औषधं मिळत नाहीत आणि म्हातारी माणसं थांबतात. दुसरी बाटली आधीच बरोबर द्या. तपासणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि साधारण महिना-दीड महिन्याने. या शेवटच्या भेटीत चष्म्याचा नंबर निघतो आणि नेमक्या याच भेटीला लोक येत नाहीत. शस्त्रक्रिया चांगली होऊनही नजर अर्धवट राहते. म्हणून त्या दिवशी मुख्य रुग्णालयाच्या ऑप्टोमेट्रिस्टलाच (चष्म्याचा नंबर काढणाऱ्यालाच) गावात बोलवा, आणि प्रत्येक पाच रुग्णांमागे एक सदस्य नेमा. त्याने पाच घरी जायचं, पाच माणसं आणायची. नव्या सदस्याला द्यायला याहून चांगलं काम मला माहीत नाही. लाल डोळा, दुखणं किंवा अचानक कमी दिसणं असं काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, उद्यावर टाकायचं नाही, हे त्या सदस्याने घरच्यांना बजावायचं.

नेत्रदानाबद्दल एवढंच की संकल्पाचे अर्ज भरून घेणं सोपं असतं आणि प्रत्यक्ष दान घडतं ते मृत्यूनंतरच्या पहिल्या तासात कुणी फोन केला तर. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपटल काढावं लागतं. पापण्या मिटवायच्या, त्यांवर ओला कापूस, पंखा बंद, उशीने डोकं थोडं उंच. चष्मा होता, मधुमेह होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, तरी दान होऊ शकतं. जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक स्मशानभूमीच्या समितीकडे आणि गावातल्या प्रत्येक डॉक्टरकडे द्या. नेत्रदान पंधरवडा २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असतो, पण हे काम बाराही महिन्यांचं आहे.

रक्तदानात सहसा चूक होते ती तारखेची. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला रक्त भरपूर येतं, आणि एप्रिल-मेच्या सुट्टीत व दिवाळीत रक्तपेढ्या कोरड्या पडतात. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त ५ दिवस. म्हणून रक्तपेढीला विचारून तारीख घ्या, आणि वर्षातून एक मोठं शिबिर घेण्याऐवजी ५०-६० दात्यांची तीन घ्या. त्यांत ९० दिवसांचं अंतर असेल तर तोच पुरुष दाता पुन्हा येऊ शकतो. महिलांसाठी अंतर १२० दिवसांचं. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, वय १८ ते ६५. ६० बाटल्या हव्यात तर ८०-८५ नावं नोंदवा, कारण उपाशी आलेले, रक्तदाब वाढलेले, हिमोग्लोबिन कमी असलेले परत जातात. परत गेलेल्या मुलींची यादी फेकू नका. हिमोग्लोबिन कमी हे त्यांना शिबिरातच पहिल्यांदा कळलेलं असतं, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जोडून द्या. दात्यांना बॅगा, हेल्मेट, मिक्सर देऊ नका. महागड्या भेटीपायी माणूस आजार लपवतो, आणि ते रक्त कुणाच्या तरी अंगात जाणार असतं.

मधुमेह तपासणीत प्रत्येकाला नवी सुई, वापरलेली सुई भोक न पडणाऱ्या डब्यात, कापूस पिवळ्या पिशवीत, आणि दोन्ही कोणत्या रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचऱ्यात जाणार ते आधी ठरलेलं हवं. स्ट्रिपची बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा.

वृक्षारोपणाचं गणित पाण्याचं आहे. १०० झाडं, आठवड्याला प्रत्येकी १५ लिटर, म्हणजे १,५०० लिटर. फेब्रुवारी ते मे साधारण १७ आठवडे, एकूण २५,५०० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे पाच टँकर आणि वर थोडं. या पैशांची आणि टँकरवाल्याची सोय जूनमध्येच होत नसेल तर १०० ऐवजी २० झाडं लावा. वड, करंज, कडुनिंब, जांभूळ लावा, खड्डे मेमध्ये दोन फूट बाय दोन फूट बाय दोन फूट खणून तापू द्या. वह्यावाटप करायचंच असेल तर आधी मुख्याध्यापकांना विचारा. बहुतेक शाळांना वह्यांपेक्षा मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आणि दाराला कडी हवी असते.

पैशाच्या बाबतीत एक नियम मोडू नका. क्लबाची दोन खाती हवीत: प्रशासनाचं, ज्यात सदस्यांची वर्गणी येते, आणि सेवाकार्याचं, ज्यात लोकांकडून जमलेला पैसा येतो. लोकांचा पैसा लोकांच्याच कामी जायला हवा. त्यातून सभेचं जेवण, पदग्रहणाचे हारतुरे, अधिवेशनाचं भाडं काढायचं नाही, उसनंही घ्यायचं नाही. गावात अशी गोष्ट लपत नाही.

देणगीदाराला आयकर सवलत हवी असेल तर नुसत्या क्लबाच्या पावतीवर ती मिळत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास (ट्रस्ट) आणि त्याची आयकर नोंदणी लागते. अनेक क्लबांचा असा वेगळा न्यास असतो. तुमचा असेल तर त्याचे विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. मागच्या किती बदलांचे अर्ज राहिलेत ते आत्ताच तपासा, कारण जुने राहिले की नवे अडकतात. २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीला धरली जात नाही, म्हणून धनादेश किंवा यूपीआय. ८०जी म्हणून आपण ओळखतो त्या सवलतीचा क्रमांक २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात बदलतो, आणि तो कायदा १ एप्रिल २०२६ पासून आहे. पावतीपुस्तकं छापण्याआधी सीएकडून मजकूर घ्या. कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर न्यासाकडे सीएसआर-१ नोंदणी आणि त्याच प्रकारच्या कामाची तीन वर्षांची नोंद लागते. रुग्णसाहित्य केंद्राची नीट ठेवलेली वही इथे उपयोगी पडते.

अमेरिकेतल्या गावकऱ्यांनी पैसे पाठवायचं म्हटलं की क्लब हुरळून जातात. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतो ती परकीय देणगी नाही. त्याच्याच भावाने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर त्याचे पैसे परकीय देणगी ठरतात, आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय ते घेता येत नाहीत, भावाचं मन मोडलं तरी. पासपोर्टची प्रत आधी मागा.

सदस्यवार्ता आणि उपक्रमांच्या बातम्या लिहिण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंत. नव्या सदस्याबद्दल चार ओळी पुरतात: नाव, काय करतात, प्रायोजक कोण आणि कोणत्या समितीत काम पाहणार. ‘सुप्रसिद्ध’, ‘दानशूर’ काढून टाका. बदलीने गेलेल्याचीही बातमी द्या, कोणत्या क्लबात गेले तेही. आजारपण, शस्त्रक्रिया, घरगुती अडचण हे त्या सदस्याच्या परवानगीशिवाय छापू नका. फोन क्रमांक पुस्तिकेत ठीक, उघड्यावर नको. लाभार्थीचा चेहरा, विशेषतः मुलांचा आणि रुग्णांचा, संमतीशिवाय वापरू नका. चष्मा किंवा काठी देताना दहा हात त्या वस्तूला लागलेला फोटो तर नकोच. उपक्रमाच्या बातमीत चार आकडे द्या. नेत्रशिबिर असेल तर किती तपासले, किती निवडले, किती शस्त्रक्रिया झाल्या आणि दीड महिन्याने किती जणांना चष्मा मिळाला. चौथा आकडा लिहायचा आहे हे आधीच ठाऊक असलं की तो वाढतो. पोर्टलवर हाच अहवाल त्याच महिन्यात भरा.

आत्ता मे चालू आहे, तर लगेच करायचं ते असं. जूनच्या सभेत बँकेच्या सह्या बदलण्याचा ठराव करून घ्या आणि सही करणाऱ्या नव्या तिघांची केवायसी कागदपत्रं जमवून ठेवा. ठराव जुलैत केला तर ऑगस्ट उजाडेपर्यंत धनादेश फाडता येत नाही, आणि पहिलं शिबिर कुणाच्या तरी खिशातून होतं. लायन्सचं वर्ष जुलै ते जून आणि न्यासाचा हिशोब एप्रिल ते मार्च, म्हणून जुन्या कोषाध्यक्षांकडून एप्रिल ते जून या तीन महिन्यांच्या पावत्या वेगळ्या फाइलमध्ये सही करून घ्या. पावतीपुस्तकांचे क्रमांक, कोरी पानं, रुग्णसाहित्याच्या वस्तू आणि बॅनरचे खांबसुद्धा समोर मोजून घ्या आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या.